मौलाली मिस्त्री कामाला जातो

मौलाली शिकलगारला आमच्या गल्लीत नुसतं ‘मिस्त्री’ म्हणत. गवंडी मिस्त्री होते, सुतार मिस्त्री होते, पण त्यांना आधी नाव लागायचं. ह्याला लागत नसे. उद्यमनगरात गणपतराव मालकांची फौंड्री होती, तिथे हा ओतकाम करायचा. काळ्या वाळूत साचा बसवायचा, भट्टीतून आलेलं पातळ लोखंड त्यात ओतायचं, की ऑइल इंजिनाचा एखादा भाग तयार. पंचवीसएक वर्षं त्याने हेच केलं. ठिणग्या उडून त्याच्या सदऱ्याला इतकी भोकं पडलेली असत की त्याची बायको मदिनाभाभी म्हणायची, ह्यांचा सदरा धुवायला सोपा, पाणी अडतच नाही.

माझं सायकलचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. उद्यमनगरात कामाला जाणारा प्रत्येक जण माझ्यासमोरून जायचा आणि निम्म्यांच्या सायकली माझ्याकडे दुरुस्तीला असायच्या. मला चहाटळ म्हणणारे लोक आहेत. म्हणोत. सायकल उलटी केली की गिऱ्हाईक बाकड्यावर बसतं आणि बोलायला लागतं, त्याला मी काय करणार? मिस्त्रीची गोष्ट थोडी अशी कळली, आणि बरीचशी माझ्या दुकानातच घडली. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचं सांगतोय.

त्या वेळी फौंड्रीत नवा माणूस लागायचा तो मिस्त्रीच्या शब्दावर. अर्जबिर्ज काही नाही. मिस्त्रीने आपला भाऊ, भाचा, जावई मालकापुढे उभा करायचा आणि ‘हे आपलं पोरगं’ म्हणायचं. दुसऱ्या दिवसापासून ते पोरगं वाळू चाळायला लागायचं. त्यामुळे मिस्त्रीच्या घरच्या मुलीला स्थळांचा तोटा नसे. मौलालीला एकच मुलगी, जरीना. तिला गडहिंग्लजचं स्थळ आलं. बाबालाल नदाफ म्हणून गाद्या भरणारे होते, त्यांचा मुलगा इलाही. बाबालालची छाती जन्मभर कापूस पिंजून पिंजून गेली होती. चार शब्द बोलले की त्यांना खोकल्याची उबळ यायची. मुलाचे हाल असे होऊ नयेत एवढंच त्यांच्या मनात होतं. बोलणी बसली तेव्हा त्यांनी ना घड्याळ मागितलं ना सायकल. म्हणाले, पोराला तुमच्या हाताखाली घ्या, बाकी आम्हाला काही नको. मौलालीने चार लोकांत छातीवर हात ठेवून हो म्हटलं. त्या दिवशी ते खरंही होतं.

मग निकाहाला दोन-अडीच महिने असताना मालकांनी त्याला घरी बसवलं. मालकांवरही मी राग धरत नाही. खेडोपाडी वीज पोचत होती, विहिरींवर मोटारी बसत होत्या, इंजिनाला कोण विचारणार? फौंड्रीतल्या दोन भट्ट्यांपैकी एक बंद झाली. आधी म्हातारी माणसं गेली, मग मौलाली. त्याची जागा त्याच्याच हाताखाली शिकलेल्या केरबाने घेतली. मालकांनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि सांगितलं, मिस्त्री, नाइलाज आहे. मिस्त्रीने चहा संपवला, बशी उपडी घातली आणि घरी आला.

पुढचं सगळं ठरवलं ते मदिनाभाभीने. बाई हुशार. तिने हिशेब केला की गल्लीत शालूबाई राहते, शालूबाईचं माहेर गडहिंग्लज, आणि शालूबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. बातमी तिला कळली की दुसऱ्या दिवशी नदाफांच्या गाद्यांवर बसून लोक ती चघळणार. सुपारी फुटलेली मुलगी घरात राहिली तर तिला पुन्हा कोण विचारणार? म्हणून निकाह होईपर्यंत कुणाला कळायला नको. जरीनालाही नाही, उगाच पोरीच्या जिवाला घोर. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मौलाली भोकांचा सदरा घालून, डबा घेऊन, रोजच्या वेळेला घराबाहेर पडला. शालूबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, निघाला काय मिस्त्री? तो म्हणाला, निघालो.

मला फौंड्रीतल्या पोरांकडून आधीच कळलं होतं. मिस्त्रीनेच त्यांना कामाला लावलेलं, म्हणून त्यांनी गल्लीत तोंड उघडलं नव्हतं; मीही उघडलं नाही. तो दोन-तीन दिवस उद्यमनगरच्या बाजूला वळायचा आणि थोड्या वेळाने दुसऱ्या रस्त्याने परत येताना दिसायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी मीच त्याला हाक मारून दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं आणि म्हटलं, डबा इथं खात जा. त्याने वर न बघता मान हलवली. तेव्हापासून त्याचं जेवण माझ्या जुन्या टायरांच्या ढिगापाशी व्हायला लागलं.

इतर फौंड्र्यांत त्याने विचारलं नाही असं नाही. सगळीकडे मंदी, आणि जिथे चार कामं होती तिथे दुसरा मिस्त्री बसलेला, त्याच्या हाताखाली त्याचे भाऊ, त्याचे भाचे. ज्या रिवाजावर मौलालीने उभ्या आयुष्यात निम्मी गल्ली कामाला लावली, त्याच रिवाजाने आता त्याला सगळी दारं बंद होती. मदिनाभाभीने शेळी विकली, लोकांच्या शेवया करून द्यायला लागली, सांगायची की निकाहासाठी जमवतेय. लोकांना पटलं.

शहरात दिवस कसा काढायचा हे त्याला शिकावं लागलं. शिकला. रंकाळ्यावर म्हशी धुणाऱ्यांजवळ सकाळी बसलं तर कुणी विचारत नाही. खासबागच्या मैदानात पायऱ्यांवर सावली कधी कुठे येते हे त्याला पाठ झालं. महाद्वारात फिरू नये, कारण तिथे गल्लीतल्या बायका खरेदीला येतात. पंचगंगेच्या घाटावर रिकामी माणसं फार, ती नाव-गाव विचारतात. एकदा डब्यातली भाकरी मोडता मोडता मला म्हणाला, ‘‘पिराजी, ह्या गावाला दुपार असती हे मला म्हाईतच न्हवतं. सकाळी आत गेलो की संध्याकाळीच भाईर. उनात सगळी माणसं कशी वळखीची दिसत्यात बग. मला वाटतंय, समदी माझ्याकडंच बघायल्यात.’’

एसटी स्टँडकडे तर तो फिरकतही नसे. तिथे गडहिंग्लजच्या गाड्या लागतात.

पण गडहिंग्लज स्टँडवर थांबून राहिलं नाही. गुंडू कंडक्टर म्हणून एक जण त्या लाइनीवर होता. राहायला आमच्याच बाजूला, आणि ड्यूटीला जाताना सायकल माझ्याकडे ठेवायचा. त्या वेळी निरोप जायचे ते असेच, कंडक्टरच्या तोंडी. निकाह झाला, जेवणं झाली, जरीना सासरी गेली. आता सांगून टाकू असं मौलाली म्हणाला, तर मदिनाभाभी म्हणाली, पोरगी जरा रुळू दे. पोरगी रुळली. आणि गुंडू निरोप घेऊन यायला लागला की बाबालालनी विचारलंय, इलाहीचं कामाचं कधी करताय. बरोबर कधी लोण्याचा गोळा असायचा, कधी भुईमुगाच्या शेंगा. एकदा गाडीच्या टपावरून नवी कोरी गादी आली, व्याह्यांसाठी बाबालालनी स्वतःच्या हाताने भरलेली. मी ती गादी मिस्त्रीच्या घरी पोचवली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. त्या रात्री तो तिच्यावर झोपला नाही, भुईवर झोपला, असं मदिनाभाभीने मला नंतर सांगितलं.

श्रावणात गुंडूने दुसरी बातमी आणली. जरीनाला दिवस गेले होते. आनंदाची बातमी, मी त्याला चहा पाजला, आणि मिस्त्री मागच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडलेला होता. आता सांगायचं तर पोटुशी पोरीला त्या घरात टोमणे खात दिवस काढावे लागणार, नाहीतर माघारी यावं लागणार. कामाच्या आशेवर झालेलं लग्न, ते काम नाही म्हटल्यावर नदाफांचं घर तिला कसं वागवणार हे कोण सांगणार होतं? मला तेव्हाच भीती वाटायला लागली. चुलीवर काहीतरी ठेवून घरातली सगळी माणसं बाहेर गेली आहेत असं मला त्याच्याकडे बघून वाटायचं.

काही तरी सांगायला तर हवं होतं. मदिनाभाभीने निरोप दिला की मालक नवी माणसं दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतात, तोवर थांबा. दोन महिने मिळाले म्हणून ती खूश. ईद झाली. घरोघरी शीरखुर्मा पोचवताना मिस्त्री माझ्याकडेही आला आणि वाटी हातात देता देता म्हणाला की पावणं येणार आहेत. मी विचारलं, कोण पावणं? तर म्हणाला, बाबालाल आणि इलाही. खंडेनवमीला. कारखाना बघायला आणि मालकांना भेटायला.

बाहेरगावच्या वाचकाला सांगितलं पाहिजे की खंडेनवमीला आमच्याकडे कारखान्यांची फाटकं सताड उघडी असतात. यंत्रं धुऊनपुसून त्यांना ऊस बांधतात, झेंडूच्या माळा घालतात. कामगार बायकापोरांना घेऊन येतात, दुकानदार येतात, ज्याचा कारखान्याशी काही संबंध नाही असाही येतो आणि पेढा घेऊन जातो. त्या दिवशी कुणाला अडवत नाहीत आणि कुणाला नाही म्हणत नाहीत. मालकांच्या फौंड्रीत आणखी एक चाल होती. भट्टीपुढचा पहिला नारळ मिस्त्रीने फोडायचा. मिस्त्री हिंदू की मुसलमान हे कुणी कधी बघितलं नाही. भट्टी ज्याला ओळखते त्याने फोडायचा.

मौलालीने हाच विचार केला. मला म्हणाला, फाटक उघडंच असतंय, पावण्यांना घेऊन आत जातो, पेढा खाऊन भाईर येतो. एक दिवस निभावला की पुढं बघू. मी म्हटलं, मिस्त्री, नको. त्याने ऐकलं नाही. मग मीही मागोमाग गेलो, दरवर्षी जायचोच.

फौंड्रीच्या पोरांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मौलाली नवा सदरा घालून आत आला, बरोबर पांढरी टोपी घातलेले खोकणारे म्हातारे आणि लाजरं, उंच, किडकिडीत पोरगं. पोरांनी एकदा त्या तिघांकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. कुणी सतरंजी झटकली, कुणी ‘या मिस्त्री, या पावणं’ म्हणत पाणी आणलं. एकाने तर इलाहीला सगळी फौंड्री फिरवून दाखवली आणि हा साचा तुझ्या सासऱ्याचा, तो तुझ्या सासऱ्याचा, असं सांगत गेला. पूजा झाली. केरबा नारळ हातात घेऊन भट्टीपुढे उभा होता. तो वळला, गर्दीतून चालत आला आणि नारळ मौलालीच्या हातात ठेवून म्हणाला, ‘‘मिस्त्री, तुमीच फोडा की. तुमचीच भट्टी हाय.’’

मौलालीने फोडला. एकाच घावात. बाबालालनी डोळे पुसले. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटत होतं, कारण सगळी माणसं इतकी चांगली वागत होती आणि त्यातला प्रत्येक जण त्याचा पाय खड्ड्यात आणखी खोल घालत होता.

मग बाबालाल पुढे झाले. इलाहीला दंडाला धरून मालकांसमोर उभं केलं आणि हात जोडले. खोकला आवरत म्हणाले, मालक, पोरगं तुमच्या पायाशी आणलंय. गणपतराव मालकांनी एकदाच मौलालीकडे बघितलं. मौलालीची नजर जमिनीवर. बंद पडलेल्या दुसऱ्या भट्टीलाही त्या दिवशी माळ घातलेली होती, तिच्याकडे बघत मालक म्हणाले, ‘‘मिस्त्रीचा जावई म्हंजे आमचाच की. पाठवा दिवाळी झाल्यावर.’’

दुसऱ्याच आठवड्यात मौलाली मालकांच्या घरी गेला. त्याला खुळी आशा वाटत होती की शब्द दिलाय तर ठेवतीलही. मालकांनी कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं, सणाचा दिवस, चार पावणे, तिथे मी काय तुला मान खाली घालायला लावायची होती? तुझी लाज राखली. आता तू गडहिंग्लजला जा आणि शांतपणे समजावून सांग. आहेत त्यांनाच दिवाळीला काय द्यायचं ह्या विवंचनेत मी आहे. हे सगळं मौलालीने मला जसंच्या तसं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, त्यांचं काय चुकलं? मला राग आला. कुणाचंच काही चुकत नव्हतं आणि तिकडे एका पोरीचा संसार पेटायला टेकला होता.

मी म्हटलं, मिस्त्री, जा. तो म्हणाला, उद्या जातो. गुंडूने मला सांगितलं की एकदा तो खरंच स्टँडवर आला, गडहिंग्लजच्या गाडीत खिडकीशी बसला आणि घंटी द्यायच्या आत उतरून गेला. दिवाळी आली, गेली. तो रोज उद्या म्हणत होता.

मग गुंडूनेच सायकल लावता लावता सांगितलं की नदाफांचं दुकान आता दुसऱ्याचं झालं. बाबालालनी गाळा सोडला, पिंजणसुद्धा विकली, म्हणाले पोरगं फौंड्रीत लागलं, आता ह्या धुळीत कशाला मरू. पेठेत सगळ्यांना चहा दिला. गुंडू हसत सांगत होता. मागच्या खोलीत डब्याचं झाकण पडल्याचा आवाज झाला, तो मी ऐकला.

चार दिवसांनी इलाही आणि जरीना आले. ट्रंक, वळकटी, आणि जरीनाचं पोट आता दिसत होतं. शालूबाईने दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळी गल्ली दारात उभी होती, जरीना हसत होती. अब्बांची भट्टी, अब्बांचे साचे, इलाहीने बघून आल्यापासून तिला रोज तेच सांगितलेलं. मी मदिनाभाभीकडे बघितलं. एवढी हुशार बाई, पण तिच्याकडे आता काही उरलेलं नव्हतं. ती नुसती जरीनाच्या पाठीवरून हात फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरा-जावई घरातून निघाले. इलाहीच्या अंगावर नवी खाकी कापडं, कडक इस्त्रीची, पायात नवे बूट. माझ्या दुकानापाशी आल्यावर मौलाली थांबला. म्हणाला, जरा बसू. इलाही म्हणाला, मामा, पहिला दिवस आहे, उशीर नको. मौलालीने त्याला मागच्या खोलीत नेलं. मी दुकानात सायकल उलटी टाकून चाक नुसतंच फिरवत बसलो. आतला एकच आवाज येत होता, हळू, थांबत थांबत. मौलालीने काही लपवलं नाही. सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, ‘‘शिवी घाल, मार, काय बी कर. पोरीला तेवडं माघारी पाठवू नको.’’

मला वाटलं, पोरगं आता ओरडेल. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. माणूस ओरडला की पुढे काही तरी ठरतं. मी उठून दारात गेलो. इलाही टायरांवर बसला होता, हात मांडीवर, बुटांकडे बघत.

‘‘आब्बांनी गाळा सोडला,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांच्यात आता पुन्हा हुबं ऱ्हायचा दम न्हाय. त्यास्नी कळलं तर ते त्याच दिवशी जातील. आन जरीनाला…’’

दिवसभर तो तिथेच बसला. दुपारी दोघांनी भाकरी खाल्ली नाही. मी इलाहीला म्हटलं, माझ्याकडे पंक्चर काढायला शीक, चार पैसे सुटतील, घरी खरं सांगून टाका. त्याने ऐकून घेतलं. मौलालीही म्हणाला की मी आजच घरी सांगतो, झालं तेवढं पुरे. बाहेर रस्त्यावर उद्यमनगराची माणसं परतायला लागली, काळवंडलेल्या तोंडांनी, सायकली ढकलत. त्यांच्याकडे इलाही टक लावून बघत होता.

मग तो उठला. सायकलींच्या साखळ्या धुतलेल्या काळ्या तेलाची पत्र्याची थाळी माझ्या बाकड्याखाली असते. तिच्यापाशी तो उकिडवा बसला. त्याने मला विचारलं नाही आणि सासऱ्याकडे बघितलं नाही. दोन्ही हात मनगटापर्यंत थाळीत बुडवले, ते नव्या शर्टाला पुसले, पँटला पुसले, कपाळावरून फिरवले. बुटांवरही थोडं तेल ओतलं.

मौलालीने त्याचा हात धरला. म्हणाला, नको रे. इलाहीने हात सोडवून घेतला.

‘‘मामा,’’ तो म्हणाला, ‘‘घरात काय बी सांगायचं न्हाय. चला, ती वाट बघत असल.’’

सासरा पुढे आणि जावई मागे, दोघं गल्लीत शिरले. जरीना दारात उभी होती. नवऱ्याची काळी कापडं बघून तिने तोंडाला पदर लावला आणि हसली, आणि हात धुवायला गरम पाणी आणायला आत पळाली.